आयरिश स्टेशन मुळापासून बांधताना : वाचकांचे प्रश्न

मॉडेल रेल्वेसाठी आयर्लंडच्या जुन्या रेल्वे कंपन्यांच्या स्टेशनांची आयती किट मोजकीच मिळतात. इंग्लंडमधल्या स्टेशनाचं किट आणून त्यावर आयरिश नावाची पाटी ठोकली, तर जाणकाराच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं. म्हणून कटर आणि प्लॅस्टिक शीट घेऊन सगळं हातानं बांधायला बसलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा ओढा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पिवळ्या विटांच्या स्टेशनांकडे दिसला. त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

प्रश्न (ठाणे) : माझ्याकडे १६.५ मि.मी.चा रूळ आहे. आयर्लंडचा गेज वेगळा आहे, मग इमारतीची मापं कोणत्या हिशेबानं धरायची?

इमारतीला गेजशी (दोन रुळांमधल्या अंतराशी) देणंघेणं नाही, स्केलशी (मूळ मापाच्या किती पट लहान, त्या प्रमाणाशी) आहे. आयर्लंडचा ब्रॉडगेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मि.मी.; आपल्याकडच्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त ३ इंचांनी अरुंद. १ फुटाला ४ मि.मी. या स्केलमध्ये (१:७६.२) तो बरोबर २१ मि.मी. येतो. तुमचा १६.५ मि.मी.चा रूळ याच स्केलमध्ये ४ फूट दीड इंचाचा होतो, म्हणजे साडेतेरा इंच कमी. ज्यांना हे डाचतं ते २१ मि.मी.चा रूळ स्वतः घालतात. बाकीचे खडी नीट पसरतात आणि तिकडे काणाडोळा करतात. आमच्या मते पहिल्या लेआउटसाठी, म्हणजे रूळ-इमारतींच्या मांडणीसाठी, काणाडोळाच बरा.

इमारत मात्र ४ मि.मी.च्या हिशेबानंच बांधा. इथे घोळ होतो तो एचओच्या वस्तू मिसळल्यामुळे. एचओ म्हणजे १:८७. ६ फूट ८ इंचांचा दरवाजा ४ मि.मी. स्केलमध्ये २६.७ मि.मी. येतो, एचओमध्ये २३.३. एचओचं आयतं दार लावलंत तर हमालाचं डोकं चौकटीला आपटेल असं दिसतं. बाकं, दिवे, माणसं, सगळं एकाच स्केलचं घ्या. डोनेगल किंवा वेस्ट क्लेअरसारखी ३ फुटी नॅरोगेज लाइन करणार असाल तर रूळ १२ मि.मी.चा लागेल, इमारतीचा हिशेब तोच राहील.

प्रश्न (डब्लिन) : नोकरीनिमित्त इथे आहे. आवडलेल्या स्टेशनाचा नकाशा कुठेच मिळत नाही. मापं कशी काढू?

वीट हीच तुमची पट्टी. ग्रेट नॉर्दर्नचे मुख्य अभियंता विल्यम हेमिंगवे मिल्स यांच्या काळातल्या स्टेशनांची ओळख म्हणजे पिवळी वीट आणि तिच्यात लाल-काळ्या विटांचे पट्टे. डंडॉकचं १८९४च्या सुमाराचं मोठं स्टेशन हा त्याचा ठळक नमुना. अशा भिंतीवर मापं लिहून ठेवल्यासारखीच असतात.

जागेवर जाता येत असेल तर एकच वीट मोजू नका. दहा थरांची उंची एकदम मोजा आणि दहानं भागा, म्हणजे दर्जांमधला (विटांमधल्या सांध्यांतला) फरक वाटला जातो. साधारण ४ थरांना १ फूट येतो. काही ठिकाणची वीट जाड असते, तिथे १३ इंचांपर्यंत जातो, म्हणून मोजल्याशिवाय गृहीत धरू नका. फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेली ६ फुटी काठी भिंतीला टेकवून समोरून फोटो घ्या. कॅमेरा भिंतीशी काटकोनात हवा आणि शक्य तितका लांब. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत कडेच्या खिडक्या फुगतात.

बंद पडलेली बरीच स्टेशनं आता लोकांची राहती घरं आहेत. तिथे रस्त्यावरूनच फोटो घ्या किंवा आधी विचारा. चालू स्टेशनावर प्लॅटफॉर्मची कड ओलांडून माप घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता गणित. जोत्यापासून वळचणीपर्यंत ४४ थर मोजले, तर उंची ११ फूट, म्हणजे मॉडेलवर ४४ मि.मी. या स्केलची गंमतच ही, की ३ इंचांचा एक थर म्हणजे बरोबर १ मि.मी. शाळेतला आलेखाचा कागद घ्या. एक बारीक चौकोन म्हणजे एक थर. सगळा दर्शनी भाग त्यावर पेन्सिलनं काढा. आडवं माप विटांच्या लांबीनं काढायचं. ९ इंची वीट लांबीनं दिसत असेल तर ३ मि.मी., तोंडानं दिसत असेल तर दीड मि.मी. शेवटी दरवाजा तपासा. तो साडेसहा ते सात फुटांच्या बाहेर गेला तर मोजणीत थर चुकलाय.

जुना फोटो तिरका असेल तर भिंतीच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात तो भिंतीचा खरा मध्य, फोटोत तो भलतीकडे दिसत असला तरी. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा कर्ण काढून चतुर्थांश मिळतो. एवढ्यावर खिडक्यांच्या जागा बसतात.

जुन्या फोटोंसाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला लॉरेन्स संग्रह पाहा. १८७० ते १९१४ या काळातली गावं आणि स्टेशनं त्यात आहेत. वास्तुवारशाच्या राष्ट्रीय सूचीत अनेक स्टेशनांची वर्णनं आणि आजचे फोटो सापडतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५०० चा नकाशा जरूर घ्या, पण मालधक्का कुठे, पाण्याची टाकी कुठे, एवढ्यासाठीच. त्या नकाशावर अर्ध्या मि.मी.ची चूक म्हणजे जमिनीवर ४ फूट.

प्लॅस्टिक कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा ठोकळा करून लेआउटवर आठवडाभर ठेवा. लांबी मावत नसेल तर सगळी इमारत दाबून बारीक करू नका. एक खिडकी आणि तिच्या शेजारची भिंत असा पूर्ण भाग काढून टाका. मग उरलेल्या खिडक्यांचं प्रमाण बिघडत नाही.

प्रश्न (पुणे) : १ मि.मी. शीटवर विटांची उठावाची शीट चिकटवली. दोन आठवड्यांनी भिंत धनुष्यासारखी वाकली. काय चुकलं?

द्रावक जास्त झाला आणि आत कोंडला. पॉलिस्टायरीन चिकटवायला आपण ब्युटेनॉन वापरतो, केमिकलच्या दुकानातला एमईके. दोन शीटांच्या मध्ये तो भरपूर लागला की कडा आधी बंद होतात आणि मधल्या वाफेला वाट राहत नाही. ती आठवडे-आठवडे हळूहळू निघते. तोवर पातळ शीट मऊ असते. सुकताना ती आक्रसते आणि भिंतीला आपल्याकडे ओढते. म्हणून हे लगेच दिसत नाही, रंग झाल्यावर दिसतं.

आतली शीट दीड मि.मी.ची घ्या. चिकटवण्याआधी तिला साधारण २० मि.मी. अंतरावर २ मि.मी.ची भोकं पाडा. ती आतल्या बाजूला येतात, कुणाला दिसत नाहीत. ब्रश नुसता ओलसर करून भोकांतून आणि खिडक्यांच्या कडांवरून द्रावक सोडा, पूर्ण पृष्ठभाग माखू नका. काचेखाली वजन ठेवून एक दिवस जाऊ द्या. मग आतल्या बाजूनं अर्ध्या मि.मी.ची साधी शीट तशीच लावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. इमारतीत दर ५०-६० मि.मी.ला आडभिंत घाला. खऱ्या इमारतीतही तिकीट खिडकी, वेटिंग रूम, लेडीज वेटिंग रूम अशा भिंती असतातच. तळाला मोठं भोक ठेवा. पूर्ण बंद डबा केलात तर वाफ पुन्हा आतच.

रंगाच्या दुकानातला एनसी थिनर याकामी वापरू नका. त्यात काय काय मिसळलंय ते डब्याडब्याला बदलतं आणि पातळ शीट विरघळते. एमईके वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको. वाकलेली भिंत १ मि.मी.च्या आत असेल तर मागून ३ मि.मी.चे उभे दांडे लावून सरळ होईल. जास्त वाकली असेल तर नवी कापा.

प्रश्न (नाशिक) : कोपऱ्यावर विटांचे थर जुळत नाहीत.

चारही भिंती एकाच शीटमधून, एकाच थरापासून सुरू करून कापा. कापण्याआधी शीटवर आडवी पेन्सिल रेघ मारून तोच तळ धरा. शीटच्या कारखानी कडेवर विसंबू नका, ती थराला समांतर असेलच असं नाही. मग प्रत्येक उभी कड मागून कानशीनं ४५ अंशांत उतरवा, पुढची धार कागदाएवढी शिल्लक ठेवून. जोडल्यावर कोपऱ्यावरची उभी रेघ भरते. तिच्यावरून कटरच्या टोकानं दर्जा पुन्हा कोरून पलीकडे न्या. एवढं केलं की वीट वळल्यासारखी दिसते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. विटा रचायच्या इंग्लिश बाँड पद्धतीमध्ये एक थर लांब विटांचा आणि एक तोंडांचा असतो. फ्लेमिशमध्ये एकाच थरात दोन्ही आलटून पालटून येतात. बाजारातली शीट कोणती आहे आणि तुमच्या फोटोतली भिंत कोणती आहे ते आधी पाहा. कमानीच्या विटा शीटमधून येत नाहीत. त्या पाव मि.मी.च्या शीटवर स्वतंत्र कोरून, कमानीच्या आकारात कापून भिंतीत खाच करून बसवा. वर चिकटवल्या तर उंच राहतात आणि सावली खोटं सांगते.

प्रश्न (कोल्हापूर) : पिवळ्या विटेचा रंग दर वेळी पिवळाधमक होतो. लाल पट्टे फिसकटतात.

ही वीट हळदीची नसते, शिळ्या सायीच्या रंगाची असते, आणि आयर्लंडच्या पावसा-धुरात शंभर वर्षं राहून ती आणखी करडी होते. मॅट इनॅमलमध्ये ३ भाग यलो ऑकर, २ भाग पांढरा आणि चिमूटभर रॉ अंबर असं मिश्रण करून बघा. दोन पातळ हात द्या आणि ४८ तास हात लावू नका. दमट हवेत तिसरा दिवसही जाऊ द्या.

पट्ट्यांसाठी सगळ्यात विश्वासाचं साधन म्हणजे चित्रकलेची चांगल्या प्रतीची रंगीत पेन्सिल. विटेचा उठाव असतो, त्यामुळे आडवी धरलेली पेन्सिल वरच्या पृष्ठभागालाच लागते आणि दर्जा सुटतात. लाल पट्ट्यांना विटकरी आणि तपकिरी आलटून पालटून वापरा. काळ्या विटांना शुद्ध काळा नको, गडद निळसर करडा घ्या. ब्रशनंच करायचं असेल तर पट्ट्याच्या वर-खाली मास्किंग टेप लावा आणि टेपची कड थराच्या खाचेत नखानं दाबा. रंग फिसकटतो तो त्या खाचेतूनच. मग उरलेल्या पिवळ्या विटांपैकी दहातली एखादी वेगळ्या छटेची करा. जवळजवळच्या दोन कधीच नको.

दर्जा शेवटी. पांढऱ्यात थोडा करडा मिसळलेला ॲक्रिलिक रंग पाण्यासारखा पातळ करून एका वेळी तळहाताएवढ्या भागावर फासा आणि अर्ध्या मिनिटात ओलसर फडक्यानं आडवं पुसा. खाली इनॅमल असल्यामुळे बिघडलं तर सगळं धुऊन पुन्हा करता येतं. हाच क्रम उलटा केला, म्हणजे ॲक्रिलिकवर इनॅमल, तर ते नुसत्या पाण्यानं धुता येत नाही. खिडकीच्या उंबऱ्याखाली उभे ओघळ, फुटक्या पन्हाळीखाली आणि जोत्याला हिरवट छटा. काजळी धुराड्याच्या तोंडाशी द्या, भिंतभर नको.

प्रश्न (रत्नागिरी) : कॉर्क लाइनवरचं दगडी स्टेशन करतोय. मातीचा थर सुकल्यावर तडे गेले.

डब्लिन–कॉर्क लाइनवर वास्तुविशारद सँक्टन वुड यांच्या हातची उंच त्रिकोणी माथ्याची दगडी स्टेशनं आहेत, पोर्टार्लिंग्टन पाहा. तिथे वीट-शीट चालत नाही, हे बरोबर. हवेत सुकणारी मॉडेलिंग माती घ्या, पण थर एक ते दीड मि.मी.पेक्षा जाड नको. ३ मि.मी.च्या सनबोर्डला आधी पॉलिश पेपर मारून खरखरीत करा, फेविकॉलचा हात द्या आणि तो चिकट असतानाच माती लाटून दाबा. तडे दोन कारणांनी जातात. एक तर थर जाड असतो, किंवा पंख्याखाली वरची कातडी सुकते आणि आत ओलं राहतं. बोर्डच्या मागच्या बाजूलाही पातळ थर द्या, नाहीतर बोर्ड वाकेल. कोकणातल्या पावसाळ्यात तीन दिवस धरूनच चाला.

दगडांच्या रेघा पूर्ण सुकल्यावर सुईनं कोरा. ओल्यात कोरल्या तर कडेला वरंबे उठतात आणि ते कधीच नीट घासले जात नाहीत. आधी कोपऱ्याचे घडीव दगड, मग खिडकीच्या चौकटी, मग मधली भरती, गवंडी ज्या क्रमानं लावतो त्याच क्रमानं. गेलेल्या तड्यात पातळ माती भरून त्यावरून दर्ज काढा. तडा तिथेच लपतो.

प्रश्न (डोंबिवली) : छताच्या स्लेट एकेक चिकटवायच्या का?

नाही, पट्ट्यांनी करा. आयर्लंडमध्ये ज्याला बँगर ब्लू म्हणतात ती वेल्समधली निळसर करडी स्लेट. २० × १० इंचांचा नमुना धरला तर मॉडेलवर रुंदी ३.३ मि.मी. दोन रांगा खालच्या स्लेटवर तीन इंचांची चढ धरून प्रत्येक रांगेचा दिसणारा भाग साडेआठ इंच, म्हणजे २.८ मि.मी. १२ फुटांच्या पाख्याला १७ रांगा, आणि ४० फूट लांबीला दर रांगेत ४८ स्लेट. साध्या ८० ग्रॅमच्या कागदाची जाडी ०.१ मि.मी., या स्केलमध्ये साधारण पाव इंचाला थोडी जास्त. खरी स्लेट तेवढीच असते. प्लॅस्टिकची पाव मि.मी. शीट पाऊण इंचाची होते आणि छत लादीचं वाटतं.

कागद आधी दोन-तीन करड्या छटांत रंगवा. ६ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापा, दर ३.३ मि.मी.ला ३.२ मि.मी. खोल चिरा द्या. पाख्यावर २.८ मि.मी. अंतरानं रेघा मारून घ्या. खालच्या पट्टीवरून अंदाजानं वर चढलात तर आढ्यापाशी अर्धी रांग उरते. वळचणीला पहिली पट्टी बिनचिरांची आणि अरुंद लावा, तिच्यावर खरी पहिली रांग. त्यानं कड किंचित उचलली जाते, जशी खऱ्या छताची असते. पुढची रांग अर्ध्या स्लेटनं सरकवून. पाण्याच्या गोंदानं कागद ताणतो आणि सुरकुततो, म्हणून दोन बाजूंची चिकट फिल्म किंवा लेबलचा कागद वापरा. तीन-चार स्लेट तुटक्या, एखादी घसरलेली पुरे.

धुराडी कुठे लावायची ते आतल्या खोल्यांवरून ठरतं. ज्या खोलीत शेगडी, तिच्या भिंतीवर धुराडं. वेटिंग रूम आणि स्टेशनमास्तरच्या घराला ते हवंच.

प्रश्न (मुंबई) : खिडकीच्या तावदानावर पांढरा धुरकट थर येतो.

फेविक्विकची वाफ. दमट हवेत ती जास्त बसते. तावदानांना फेविकॉलसारखा पांढरा गोंदच वापरा आणि इमारतीत शेवटी बसवा. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत वरची झडप बाहेरच्या बाजूला आणि खालची आत असते. एकाच शीटवर दोन्ही काढल्या तर सपाट दिसतं, पाव मि.मी.च्या पारदर्शक शीटचे दोन तुकडे मागे-पुढे लावा. तावदानांमधल्या पट्ट्या खऱ्या इंचभर, म्हणजे ०.३ मि.मी.; त्या ड्रॉइंगच्या रूलिंग पेननं पांढऱ्या ॲक्रिलिक शाईत ओढा. चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून दीड मि.मी. आत हवी, म्हणजे अर्धी वीट. ही खोली चुकली तर बाकी कितीही नेमकं असलं तरी इमारत पुठ्ठ्याची वाटते.

प्रश्न (बेळगाव) : पाट्या, टपालपेटी वगैरे कोणत्या काळातली लावू?

आधी साल ठरवा, मग पेटी रंगवा. १९२२ नंतर स्वतंत्र झालेल्या दक्षिणेत टपालपेट्या हिरव्या झाल्या, त्यावरची व्हिक्टोरिया किंवा एडवर्डची अक्षरं मात्र तशीच राहिली. उत्तर आयर्लंडमध्ये त्या लालच. स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतल्या नावाच्या पाट्यांवर आयरिश आणि इंग्रजी दोन्ही येऊ लागल्या, आणि १९३०–५० मधलं आयरिश हे जुन्या गेलिक वळणात, अक्षरावर ठिपका देऊन. मॉडेलवर ९ इंची अक्षर ३ मि.मी.चं आणि ठिपका केसाएवढा, म्हणून हातानं लिहू नका, चांगल्या प्रिंटरवर छापा. गावांची नावंही बदलली. मेरीबरोचं पोर्टलीश १९२९ मध्ये झालं.

डंडॉकसारखं सीमेलगतचं स्टेशन असेल तर १ एप्रिल १९२३ पासून कस्टमची तपासणी आली, त्यासाठी सामान ठेवायची लांब फळी आणि आडोसा दाखवा. ग्रेट नॉर्दर्नची मालमत्ता १९५८ मध्ये दक्षिणेची सीआयई आणि उत्तरेची यूटीए या सरकारी वाहतूक संस्थांमध्ये वाटली गेली. त्यानंतरचं साल घेतलंत तर कंपनीच्या पाट्या जुन्या, खरवडलेल्या दाखवा. आणि १९१६च्या १ ऑक्टोबरआधीचं लेआउट वेळापत्रकानं चालवणार असाल, तर स्टेशनातलं घड्याळ ग्रिनिचपेक्षा २५ मिनिटं मागे ठेवा. तेव्हा सगळ्या आयर्लंडमध्ये डब्लिनची वेळ चाले.

प्रश्न (सांगली) : इमारत प्लॅटफॉर्मवर नुसती ठेवल्यासारखी दिसते.

भिंती ३ मि.मी. खाली वाढवून बांधा आणि प्लॅटफॉर्मला तेवढ्याच मापाचा खड्डा करा. प्लॅटफॉर्मची उंची रुळाच्या माथ्यापासून ३ फूट, म्हणजे १२ मि.मी.; जुन्या छोट्या स्टेशनांवर १० मि.मी.सुद्धा शोभते. उरलेली फट फेविकॉलमध्ये कालवलेल्या बारीक चाळलेल्या मातीनं भरा. इमारत चिकटवू नका. दिव्याची वायर तुटली की ती उचलावी लागते.